उस्ताद, शागिर्द आणि लाल शाई

गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत एका तरुण सहकारी बाईंनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "आपा, तुम्ही एवढं लिहिता, हा सर्जनशील लेखनाचा कोर्स करा ना!" १२ आठवडे, दर रविवारी ऑनलाइन, फी १८,००० रुपये. मुलीच्या अकरावीचा खर्च समोर उभा असताना ही रक्कम लहान नव्हती. रात्री जेवताना घरी विषय काढला. अब्बा हसले. म्हणाले, "लिहिणं काय शिकवून येतं? गालिबनं कुठला कोर्स केला होता?"

प्रश्न बिनतोड वाटतो. पण उर्दू शिकवणाऱ्या माणसाला त्यातली गंमत लगेच कळते. गालिब ज्या दिल्लीत राहिले, त्या दिल्लीत कविता रीतसर शिकली आणि शिकवली जात होती. बादशहा बहादूरशहा जफर स्वतः शागिर्द होते. त्यांचे उस्ताद जौक १८५४ मध्ये वारले आणि ती जागा गालिबकडे आली. गालिबचं चरित्र लिहिणारे हाली हेही त्यांचे शागिर्द होते.

या शिक्षणाला नाव होतं इस्लाह, म्हणजे दुरुस्ती. शागिर्द आपली गझल घेऊन जायचा. उस्ताद एखादा शब्द बदलायचे, एखादा सैल मिसरा घट्ट करायचे, नको तो शेर काढून टाकायचे. पसंत पडलेल्या शेरावर उर्दूतलं 'स्वाद' हे अक्षर काढायचे. आपण वहीत बरोबरची खूण करतो, तसंच. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. काय लिहायचं हे उस्ताद सांगत नसत. शागिर्दानं आधी लिहून आणायचं, मग उस्तादांची लेखणी चालायची. रिकाम्या हातानं येणाऱ्याची इस्लाह कशी करणार?

हे शिक्षण टपालानंही चालायचं. दाग देहलवी हे जौकचे शागिर्द. दिल्ली आणि रामपूरनंतर ते हैदराबादला गेले आणि निजामाचे उस्ताद झाले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता. गावोगावचे कवी दाग यांना पत्रानं गझला पाठवत. त्यात पंजाबातला एक विद्यार्थीही होता, त्याचं नाव मोहम्मद इक्बाल. थोड्याच काळात दाग यांनी त्याला कळवलं, की तुझ्या कवितेत आता दुरुस्तीला फारशी जागा उरलेली नाही. शागिर्द वाढवत नेणं सोपं होतं. पण त्याला वेळेवर मोकळं करणं हीसुद्धा उस्तादाची जबाबदारी होती. १९०५ मध्ये दाग गेले, तेव्हा इक्बालनी त्यांच्यावर शोककविता लिहिली.

मराठीत ही परंपरा कशी आली? फारसीचे प्राध्यापक माधव ज्युलियन यांनी 'गज्जलांजली' लिहून मराठीला गझलेची गोडी लावली. मात्र तिचं तंत्र नव्या पोरांच्या हाती पोहोचवलं ते सुरेश भटांनी. त्यांनी 'गझलेची बाराखडी' ही पुस्तिका लिहिली. काफिया म्हणजे काय, रदीफ कशाला म्हणतात, मतला कसा असतो, हे सारं साध्या मराठीत सांगितलं. नवोदितांशी पत्रव्यवहार केला, त्यांच्या गझला तपासल्या. अमरावतीच्या या माणसानं उर्दूची इस्लाह मराठीत रुजवली, असं मी वर्गात अभिमानानं सांगते.

पुढे सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचे इलाही जमादार यांनी नव्या कवींसाठी कार्यशाळा घेतल्या. त्यांचं नाव होतं 'इलाही गझल क्लिनिक'. दवाखान्यात दुखणं घेऊनच जावं लागतं, तशी इथं गझल घेऊन जायची. २०२१ मध्ये इलाही गेले.

"पण बहिणाबाई?" अब्बांनी पुढचा सवाल टाकला. "त्यांना तर लिहिता-वाचताही येत नव्हतं." खरं आहे. १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर त्यांच्या कविता पुस्तकरूपानं लोकांसमोर आल्या. पण जात्यावरची ओवी त्यांनी शोधलेली नव्हती. कितीतरी पिढ्यांच्या बायकांनी दळता दळता ती घडवली होती. कानावर पडलेली ती ओवी हाच बहिणाबाईंचा वर्ग. शाळेशिवाय घडलेले पुष्कळ लेखक सापडतील, पण कुणाचंही न ऐकता घडलेला लेखक मला तरी ठाऊक नाही.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठानं १९३६ मध्ये लेखनाची कार्यशाळा सुरू केली, तीही आपलं लिखाण इतरांसमोर ठेवून त्यावर बोलणं ऐकण्याचीच. म्हणून 'लेखन शिकवता येतं का?' हा प्रश्न मी सोडून दिला. माझा प्रश्न वेगळा होता. बी.एड. झाल्यापासून मी मुलांच्या हजारो वह्या लाल शाईनं तपासल्या आहेत. माझी वही कोण तपासतं? लोक "छान लिहिलंय, आपा" म्हणतात आणि पुढं जातात. इतक्या वर्षांत माझं एक वाक्यही कुणी खोडलेलं नाही.

मी कोर्सवाल्यांना एकच विचारलं, "माझं लिखाण कोण वाचणार, आणि किती वेळा?" उत्तर आलं की व्याख्यानं ध्वनिमुद्रित आहेत आणि शेवटी प्रमाणपत्र मिळेल. मी नाव नोंदवलं नाही. कुणी वाचून दुरुस्त करणार असतं, तर मुलीच्या फीनंतर पैसे साठवून नक्की नोंदवलं असतं. अब्बांनाही मी तेच सांगितलं.

आता पंधरा दिवसांतून एका रविवारी पनवेलमध्येच आम्ही तिघी बसतो. मी, त्या तरुण सहकारी आणि मराठीच्या एक निवृत्त बाई. प्रत्येकीनं एक पान लिहून आणायचं, हीच फी. पहिल्याच दिवशी निवृत्त बाईंनी माझा पहिला परिच्छेद सरळ खोडला. "लेख दुसऱ्यापासून सुरू होतो," म्हणाल्या. मला राग आला. घरी येऊन वाचलं, तर त्यांचंच बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वह्या तपासताना चुकीखाली नुसती रेघ मारून मी थांबले नाही. शेजारी कारणही लिहिलं. वेळ दुप्पट लागला.