सुंभ जळला तरी पीळ जात नाही

गोव्यात रापणीच्या होड्या पूर्वी खिळ्यांनी ठोकत नसत, शिवत. फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची, फटीत काथ्या दाबायचा आणि सुंभाने आवळायचं. काम चाललं की किनाऱ्यावर टवाळी ठरलेली. "काय रे, होडी शिवतोस की गोधडी?" "गोधडीच! पण तुझ्या चड्डीसारखी उसवायची नाही!" हसण्यावारी जाई, पण शिक्षणही त्यातच होतं. नकाशा नाही, वही नाही. ज्याचा टाका सैल, त्याची थट्टा जास्त, कारण सैल टाका म्हणजे आत पाणी.

पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि शिवणारे हात कमी होत गेले.

मग सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यातल्या होडी इनोव्हेशन्सने एका शिवलेल्या जहाजाचा कणा बसवला. नमुना आपल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रातला, पाचव्या शतकातला. जहाजाचा आराखडा उपलब्ध नव्हता, चित्र पाहून सगळं ठरवावं लागलं. बाबू शंकरन यांच्या हाताखाली केरळच्या कारागिरांनी हजारो टाके घातले. २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलाने त्याला नाव दिलं, 'कौंडिण्य'. वर्षअखेरीस ते पोरबंदरहून निघालं आणि समुद्र ओलांडून मस्कतला पोचलं. गोधडी उसवली नाही!

अभिमान आहेच. पण शिवायला माणसं केरळातून आणावी लागली, हेही विसरू नये. तुमच्या घरात कुणी होड्या बांधणारं होतं का? त्यांचे शब्द, त्यांचे टोमणे आठवत असतील तर खाली लिहा. हत्यारं गंजतात, निदान बोलणं तरी राहू दे.