आज्ञावलीचा बफर : एका संकेताचा इतिहास

संगणक प्रयोगशाळेत एक प्रकार वारंवार आढळतो. विद्यार्थ्याची आज्ञावली पडद्यावर एकेक ओळ बिनचूक दाखवते. मात्र तेच उत्तर फाइलमध्ये वळवले की बराच वेळ फाइल रिकामीच राहते. आज्ञावली मध्येच कोसळली, तर शेवटच्या ओळी फाइलमध्ये पोहोचतच नाहीत आणि चूक भलत्याच ठिकाणी शोधली जाते. या कोड्याचे मूळ युनिक्सच्या इतिहासात आहे.

बेल प्रयोगशाळेतील डग मॅक्इलरॉय यांनी १९६४ साली आज्ञावली एकमेकींना नळीप्रमाणे जोडण्याची कल्पना मांडली. केन थॉम्प्सन यांनी १९७३ साली ती ‘पाइप’च्या रूपाने युनिक्समध्ये उतरवली. तथापि, प्रत्येक अक्षरासाठी कर्नेलला साद घालणे फार खर्चाचे होते. त्यामुळे अक्षरे आधी बफरमध्ये साठवून एकदम पाठवण्याची रीत रूढ झाली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील प्रमाण आदान-प्रदान ग्रंथालयात, म्हणजे ‘एसटीडीआयओ’मध्ये, हा बफर ५१२ बाइटांचा होता.

१९८९ च्या अमेरिकन सी प्रमाणकाने ही रीत नियमबद्ध केली. समोर माणूस बसलेला नसेल तरच पूर्ण बफर वापरावा आणि त्रुटिसंदेश मात्र पूर्ण बफरमध्ये अडकवू नयेत, असे ठरले. ‘सेटव्हीबफ’ या फलनाने पूर्ण, ओळनिहाय व बफरविरहित असे तीन पर्याय प्रोग्रामरला दिले. परंतु तयार आज्ञावली वापरणाऱ्याच्या हाती काहीच नव्हते.

ही उणीव दोन मार्गांनी भरून निघाली. डॉन लिब्स यांच्या ‘एक्सपेक्ट’सोबत येणारे ‘अनबफर’ आज्ञावलीपुढे आभासी टर्मिनल उभे करते. समोर माणूस आहे असे समजून ती ओळीगणिक उत्तर देते. ग्नू कोअरयुटिल्समध्ये २००९ साली आलेले ‘एसटीडीबफ’ आज्ञावली सुरू होतानाच तिच्या आदान, प्रदान व त्रुटी या तिन्ही प्रवाहांचे बफर बदलते. मात्र ‘एसटीडीआयओ’ न वापरणाऱ्या, स्थिर जोडणीच्या किंवा स्वतःचा बफर स्वतःच ठरवणाऱ्या आज्ञावलींवर त्याचा परिणाम होत नाही.

सारांश, यंत्राचा वेळ वाचवण्यासाठी केलेली तडजोड आज माणसाचा वेळ घेते. विद्यार्थ्याला केवळ ‘एफफ्लश लिही’ असे सांगून भागत नाही. लिहिणे आणि पोहोचणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे त्याला उमगले पाहिजे.