टाळ्या पुरे, कामगाराचा दर्जा द्या!

भंडारा जिल्ह्यातले चिखला हे मॅंगनीज खाणीचे गाव. खाणीत राबणाऱ्या बाईचे बाळंतपण हा तिचा खासगी प्रश्न नसून कायद्याचा प्रश्न आहे, ही बाबासाहेबांची भूमिका. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना १९४३ साली त्यांनी खाण प्रसूती लाभ कायद्याची दुरुस्ती मांडली. कारण ती बाई कामगार होती.

आता २०२० आठवा. गावोगावी दारोदार फिरून ताप मोजणारी आशाताई मात्र सरकारदरबारी 'स्वयंसेविका'! केंद्राचा कोविड भत्ता महिना १,००० रुपये, म्हणजे दिवसाला जेमतेम ३३. वर 'हीच रोग आणते' म्हणून तोंडावर दार बंद. घरी लेकराला जवळ घ्यायची भीती. अशा बाईला रात्री झोप कशी लागणार?

२२ मार्चला देशाने थाळ्या वाजवल्या. पुढे ताण घालवायला प्राणायाम सांगितला गेला. समुपदेशन हवेच, पण बंद दाराचा अपमान आणि ३३ रुपयांची किंमत श्वास रोखून जात नाही. आजार मनाचा, पण मूळ व्यवस्थेत. बंद दार आपल्या समाजाला नवीन आहे का?

१५ जून २०२१ ला राज्यातील सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. मानधनात १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मिळाला. तो संघटनेने मिळवला, थाळीने नव्हे.

मित्रांनो, आपल्या गावच्या आशाताईला 'कोरोना योद्धा' म्हणू नका. कामगार म्हणा, आणि तिच्या मोर्चात चला.

जय भीम!