पोराचं पोट महिनाभर बिघडलेलंच? सोनोग्राफीत काय कळतं, काय कळत नाही

नाशिक : सोनोग्राफी म्हटलं की गावाकडे आधी गरोदरपण आठवतं, नाहीतर मुतखडा. पण लहान मुलांच्या आतड्याची सूज शोधायलाही ही तपासणी कामाला येते.

आजार कोणता?

इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, थोडक्यात आयबीडी. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याला जखमा होतात. क्रोन्स आजारात तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही सूज येऊ शकते. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

शंका कधी घ्यावी?

- चार आठवड्यांहून जास्त जुलाब, शौचातून रक्त
- झोपेतून उठवणारी पोटातली कळ
- वजन घटणं, उंची न वाढणं
- वारंवार ताप, तोंड येणं, सांधेदुखी, गुदद्वाराजवळ गळू

अशा पोराला आधी जंताचं औषध, मग जुलाबाच्या गोळ्या, मग 'कुपोषित' म्हणून जादा आहार, असं करत महिने निघून जातात. अंगणवाडीतला वजन-उंचीचा तक्ता डॉक्टरांना जरूर दाखवावा. वाढ कधीपासून थांबली ते त्यावरून कळतं.

सोनोग्राफीत काय दिसतं?

मुलांच्या निरोगी आतड्याची भिंत साधारण 2 ते 3 मिलिमीटरपेक्षा पातळ असते. सूज आली की ती जाड दिसते, तिथला रक्तप्रवाह वाढलेला दिसतो. या तपासणीत किरणोत्सर्ग नाही, भूल नाही, सुई नाही. त्यामुळे औषध लागू पडतंय का, हे पाहायला ती पुन्हा पुन्हा करता येते. जाताना पोर उपाशीपोटी न्यायचं का, हे आधी विचारून घ्यावं.

काय कळत नाही?

नुसत्या सोनोग्राफीवर आयबीडी ठरत नाही. गुदाशयाचा भाग नीट दिसत नाही, गॅस असला तरी अडचण येते, आणि तपासणाऱ्याचा हात सरावाचा लागतो. रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्रास चालूच असेल तर पुन्हा दाखवावं. उलट, रिपोर्टात 'गाठी' लिहिल्या म्हणून घाबरू नये. लहान मुलांच्या पोटात छोट्या गाठी नेहमी दिसतात.

आपल्याकडे सगळ्यात मोठी गफलत होते ती आतड्याच्या टीबीशी. दोन्ही आजारांत आतड्याची भिंत जाड दिसते, पण औषधं वेगळी. टीबी असताना स्टेरॉइड दिलं तर टीबी बळावू शकतो. म्हणून रक्त आणि शौचाची तपासणी, मग दुर्बिणीने आतडं पाहून तुकडा तपासणं, हे लागतंच. शौचाच्या कॅल्प्रोटेक्टिन तपासणीत सूज आहे का ते कळतं, कशामुळे आहे ते नाही.

जायचं कुठं?

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. तिथून चिठ्ठी घेऊन नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांकडे. अंगणवाडी-शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही सांगावं, ते पुढे पाठवतात. केंद्रावरचा गर्भलिंग निदानबंदीचा फलक पाहून बिचकू नये. 1994 चा तो कायदा पोराच्या पोटाची तपासणी अडवत नाही.

रक्त जास्त जात असेल, पोट फुगून कडक झालं असेल किंवा हिरवी उलटी होत असेल, तर वाट न बघता 108 ला फोन करावा.

आयबीडी पुरता जात नाही, पण औषधांनी आटोक्यात राहतो. वेळेत सापडला तर पोराची उंची-वजन भरून निघू शकतं. वाढीचं वय निघून गेलं की राहिलेली उंची मिळणं अवघड.