खाण : एका रूपकाची मर्यादा

इंग्रजीतील 'माइन' हा शब्द खनिजाप्रमाणेच विपुल स्रोताचाही वाचक आहे. मराठीत 'खाण' हा शब्द हे दोन्ही अर्थ वाहतो. संस्कृत 'आकर' त्याचा पूर्वसूरी. 'रत्नाकर' म्हणजे समुद्र, 'आकरग्रंथ' म्हणजे मूलाधार. मात्र खाण उपसली की रिती होते, हा भौतिक अर्थ रूपकातही सूचित राहतो. ग्रियर्सनच्या १९०७ च्या भाषासर्वेक्षण-खंडात मावची ही भिल्ल भाषांत नोंदली गेली. खांडबारा परिसरातील या बोलीला 'लोकसाहित्याची खाण' म्हणताच संकलक खनक ठरतो आणि गाणारा केवळ कच्च्या सामग्रीचा पुरवठादार. वस्तुतः गाण्याने गीत उणावत नाही. ते थांबते गाणारे उरले नाहीत तर. म्हणून येथे खाणीपेक्षा झऱ्याचे रूपक अधिक न्याय्य ठरते.