अजिंठा, सन ५३६ आणि आजीची हजेरी

गेल्या शनिवारी अजिंठ्याला जाऊन आलो. पुण्याहून नाही, सिल्लोडजवळच्या आमच्या गावाहून, म्हणजे तासाभराचाच रस्ता. आणि तरी आजी आयुष्यात पहिल्यांदाच लेणी बघत होती. वय ऐंशीच्या घरात. 'तिथं काय, दगडच ना?' म्हणत तिने इतकी वर्षं टाळलं. या वेळी मी हट्टच धरला, कारण मला तिथे जाऊन एक थिअरी तपासायची होती.

थिअरी अशी. इ.स. ५३६ मध्ये उत्तर गोलार्धात कुठेतरी एक मोठा ज्वालामुखी फुटला. आइसलँडमध्ये असं काही शास्त्रज्ञ म्हणतात, काही उत्तर अमेरिकेत. गंधकाचे कण वातावरणात उंच पसरले आणि सूर्यावर पडदा आला. प्रोकोपियस या बायझंटाईन इतिहासकाराने लिहून ठेवलंय की वर्षभर सूर्य चंद्रासारखा निस्तेज दिसत होता. चीनमध्ये भर उन्हाळ्यात बर्फ पडल्याच्या नोंदी आहेत. युरोपातला उन्हाळा दीड ते अडीच अंशांनी थंड झाला, पिकं बुडाली. ५४० मध्ये दुसरा उद्रेक, ५४१ पासून प्लेग. हे सगळं बर्फात आणि झाडांच्या वर्तुळांत नोंदलं गेलंय, त्यामुळे कल्पनेचा खेळ नाही.

आता इकडे बघा. अजिंठ्याचं काम अर्धवट सुटलं. वाकाटकांचं राज्य बुडालं. ५५० च्या आसपास गुप्त साम्राज्यही संपलं. जोडा ठिपके! रात्री दोन वाजता मला हे सुचलं तेव्हा मी अंथरुणात उठून बसलो होतो.

प्रॉडक्शन सपोर्ट केलेल्या कुणालाही हा मोह ओळखीचा असेल. मागच्या वर्षी आमची सिस्टिम बंद पडली तेव्हा मी एका ज्युनियरच्या कोडवर खापर फोडलं, तेही सगळ्यांसमोर. त्याने त्याच दुपारी बदल टाकला होता ना! संध्याकाळी नीट लॉग बघितला, तर बिघाड त्याच्या बदलाच्या चाळीस मिनिटं आधीच सुरू झालेला. त्याची माफी मागितली, पण ती एकट्यात. असो.

तर अजिंठ्याचा लॉग. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने आयुष्यातली कितीतरी दशकं या लेण्यांत घालवली (२०१९ मध्ये ते वारले). त्यांच्या मते दुसऱ्या टप्प्यातली जवळजवळ सगळी लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, ४६० च्या सुमारास सुरू होऊन अवघ्या वीसेक वर्षांत खोदली गेली. ४७७ च्या सुमारास हरिषेण गेला आणि ४८० पर्यंत सगळं थंडावलं. म्हणजे ज्वालामुखी फुटला तेव्हा इथल्या छिन्न्या थांबून पन्नासेक वर्षं झाली होती! स्पिंकचा हिशोब सगळ्यांना मान्य नाही. जुन्या मतानुसार काम सहाव्या-सातव्या शतकापर्यंत चालू होतं. पण ते खरं मानलं तर ५३६ नंतरही काम चालूच राहिलं, म्हणजे थिअरी तिकडूनही मेली.

स्पिंकचे पुरावे बघताना मात्र मजा येते. एक नंबरचं लेणं त्यांच्या मते खुद्द हरिषेणाचं. आत भव्य बुद्ध. पण मूर्तीच्या बैठकीवर दिव्याची काजळी नाही. भोवती हार अडकवायला हुक आहेत, पण रोज हार चढवले-उतरवले असते तर शेजारची चित्रं खरवडली गेली असती, तशी ती गेलेली नाहीत. म्हणजे सगळी तयारी झाली आणि पूजा कधी झालीच नाही. दुष्काळ असा एका झटक्यात येत नाही. राजा जातो तो असा.

मग झालं काय? वा. वि. मिराशींनी दंडीच्या 'दशकुमारचरिता'तल्या एका कथेकडे बोट दाखवलं होतं. विदर्भाचा चांगला राजा मरतो, त्याचा चैनी मुलगा राज्यशास्त्राला कंटाळतो, अश्मकांचा राजा त्याच्या दरबारात आपली माणसं पेरतो आणि राज्य आतून पोखरलं जातं. मिराशींना यात वाकाटकांचा शेवट दिसला. स्पिंकनेही तोच धागा पुढे नेला.

म्हणून हवामान निर्दोष सुटतं असं नाही. त्यासाठी शिरूर तालुक्यातल्या इनामगावला जावं लागेल. तिथे डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. इ.स.पू. १००० च्या आसपास हवा कोरडी होत गेली, असं ढवळीकरांचं म्हणणं. ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार वाढली. पण गाव लगेच उठलं नाही. साधारण तीनशे वर्षं तसंच रेटलं! त्याआधीच्या बऱ्या दिवसांत त्यांनी नदीचं पाणी वळवायला पाट खणला होता, आणि गावच्या प्रमुखाच्या घराशेजारी धान्याचं कोठार होतं. पाऊस कमी झाला तर काय होतं, हे बरंचसं आधी काय बांधून ठेवलंय यावर ठरत असावं.

हे मी आजीला डोलीतून चढताना सांगत होतो. (चार माणसांनी आपल्याला उचलायचं, याने ती आधीच ओशाळली होती.) ती बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. तेव्हा ती माझ्याच वयाची होती. लाल मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नसे, पण पोरांना सुकडी मिळायची आणि मस्टरवर नाव होतं म्हणून घर तगलं. विहीर आटल्याचं ती एका वाक्यात सांगते. मुकादमाने एकदा तीन दिवसांची हजेरी खाल्ली, ते अर्धा तास.

चोवीस नंबरच्या लेण्यापाशी तिने डोली थांबवायला लावली. ते अपुरंच आहे. खांब धड सुटे झालेले नाहीत, दगडात छिन्नीचे घाव तसेच दिसतात. तिने त्या घावांवरून हात फिरवला. चित्रं बघताना ती एवढी रेंगाळली नव्हती.

"लई माणूस लागलं आसंल रे."

"हो, खूप."

"राजा मेला तवा ह्येंची शेवटच्या हप्त्याची हजेरी कुनी दिली?"

स्पिंकच्या पुस्तकात याचं उत्तर मला सापडलेलं नाही. तिने परत जाताना डोली नको म्हटलं. पायऱ्या उतरायला आम्हाला पाऊण तास लागला.