पणजी : खाजणावर उभी राहिलेली राजधानी

अरबी समुद्राला मिळणाऱ्या मांडवीच्या मुखाजवळ, तिच्या डाव्या तीरावर वसलेल्या पणजीला पोर्तुगीज शहर म्हणण्याचा प्रघात आहे. रस्त्यांच्या आखणीपुरता आणि इमारतींच्या दर्शनी भागापुरता तो खराही आहे. परंतु हे शहर पाणथळीवर उभे आहे, आणि अशा पाणथळीतून जमीन मिळवण्याची विद्या गोव्यातील गावकऱ्यांना पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून अवगत होती. भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे आणि आतील सखल जमीन लागवडीस आणायची, या पद्धतीने तयार झालेल्या जमिनीला खाजण म्हणतात. बांधात ठिकठिकाणी बसवलेल्या लाकडी दरवाजाला, म्हणजे मानशीला, राखणाऱ्याची गरज फारशी भासत नाही, कारण भरतीच्या दाबाने तिच्या फळ्या मिटतात आणि ओहोटी लागली की आत साचलेले पाणीच त्या ढकलून बाहेर पडते.

व्हाइसरॉय काउंट ऑफ लिन्यारिश याच्या कारकिर्दीत, 1633-34 मध्ये, पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा सुमारे 3 किलोमीटर लांबीचा दगडी सेतुमार्ग अशाच दलदलीतून आणि मिठागरांतून काढण्यात आला. पणजी तेव्हा राजधानी नव्हती. आदिलशाही काळातील नदीकाठचा राजवाडा आणि टेकडीवरील चर्च यांच्या भोवती माडांची बने व तुरळक घरे होती, इतकेच. तेव्हाची राजधानी असलेल्या जुन्या गोव्यात मात्र साथीच्या रोगांनी वस्ती विरळ होत गेली आणि 1759 मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीच्या त्या राजवाड्यात हलवला. सत्ता आली तरी शहर येण्यास आणखी पाऊणशे वर्षे लागली, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे.

शहर उभारण्याचे ते काम 1827 ते 1835 या काळात गोव्याचा कारभार पाहणाऱ्या दों मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रो याने हाती घेतले. त्याने दलदल भरून काढली, काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आखले आणि सैन्यासाठी प्रशस्त बराकी बांधल्या. 1843 च्या राजाज्ञेने पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला तो हा पाया तयार झाल्यानंतर. आल्तिन टेकडीच्या पायथ्याशी असलेले फोंताइन्यास आणि माळा हे भाग मात्र या चौकटीत बसले नाहीत: टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यात तेथील गल्ल्या उताराच्या कलाने वळत गेल्या. चिऱ्यांच्या भिंती, शिंपल्यांचा चुना, काचेऐवजी पातळ शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या खिडक्या आणि कौलारू छपरे ही तेथील घरांची सामग्री बहुतांशी आसपासच मिळणारी होती, आणि घडण युरोपीय वळणाची असली तरी ती घरे कोकणच्या पावसासाठीच बांधलेली आहेत.

भराव घालून मिळवलेली जमीन सरळ रेषेत विभागता आली, तरी तिची उंची भरतीच्या पातळीपेक्षा फारशी वाढली नाही. आल्तिनवरून उतरणारे पावसाचे पाणी सांतिनेजचा नाला आणि ओरेंची खाडी यांच्यामार्गे मांडवीत जाणे अपेक्षित असते, परंतु मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की नदी ते पाणी घेत नाही. 18 जून मार्गासारखा गजबजलेला रस्ता त्यामुळे आजही तुंबतो आणि पाणी ओसरण्यासाठी शहराला ओहोटीची वाट पाहावी लागते.